लॅपटॉप हलका केला तेव्हा

लॅपटॉपमध्ये आईचं काही नव्हतं, असं मी लेकीला सांगितलं. तेव्हा मला ते खरं वाटत होतं. खोटं आहे हे कळल्यावरही मी ते तसंच राहू दिलं. म्हणून आता लिहून ठेवतो.

चिखलीत माझा टायपिंगचा क्लास होता, राहत्या घराच्या पुढच्या खोलीत. मराठी आणि इंग्रजी, दोन्ही. मी पोरांच्या हातांवर टॉवेल टाकून शिकवत असे, म्हणजे किल्ल्यांकडे पाहायची सवय लागत नाही. मागे स्वयंपाकघर. लग्नाला पाच-सहा वर्षं झाल्यावर बायको एकदा म्हणाली होती, "मले बी परीक्षेले बसवा ना." मी म्हणालो होतो, "अन् पोळ्या कोन लाटीन?" खोलीतली पोरं हसली. तिनं पुन्हा विचारलं नाही.

पुढे टाइपरायटर गेले, कॉम्प्युटर आले, मग क्लासही बंद झाला. लेकीनं कॉलेजात वापरलेला लॅपटॉप घरी पडून होता. लेक नाशिकला गेल्यावर बायको दुपारी तो घेऊन बसू लागली. कधीकधी मांडीवर टॉवेल असायचा. मला वाटायचं, लॅपटॉप तापतो म्हणून घेत असेल.

"काय किल्ल्या बडवून राह्यली वं?" मी विचारायचो.

"तुमाले काय करायचं? पेपर तपासायचा हाये का?" म्हणत ती झाकण लावून टाकायची.

अशी दोनेक वर्षं गेली. मग ती आजारी पडली आणि दिवाळीच्या आधी गेली.

घरात एकटा उरलो तसा तो लॅपटॉप मी घेतला. बटण दाबून चहा ठेवावा, चहा पिऊन कप विसळावा, तरी पडद्यावरचं चक्र फिरतच असायचं. माझी एक जुनी विद्यार्थिनी बसस्टँडजवळ कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान चालवते. तिच्याकडे नेला.

"सर, दोन जीबी रॅम हाये याले. याच्यावर नवी विंडोज टाकणं म्हणजे म्हाताऱ्या बैलाले ट्रॉली जुंपणं. हलकी लिनक्स टाका."

तिनं तीन पेन ड्राइव्ह दिले, तीन वेगवेगळ्या सिस्टिमचे. "आधी पेन ड्राइव्हवरूनच चालवून पाहा, आतलं काही पुसत नाही. पसंत पडली तर मंगच टाका. पन टाकायच्या आधी आतलं सगळं कॉपी करून घ्या बरं. नाहीतर मंग माह्या नावानं शिमगा."

मला बरेच दिवसांनी काहीतरी काम मिळालं. पहिली सिस्टिम दिसायला देखणी होती, पण व्हिडिओ अडखळायचा. दुसरी इतकी हलकी की पडद्यावर कोपऱ्यातल्या घड्याळाशिवाय काही दिसेना. तिसरी मला आवडली. खाली डावीकडे ओळखीचा मेनू, आणि कळ दाबली की लगेच उघडणारी. हीच टाकायची असं ठरवलं आणि त्याच पेन ड्राइव्हवरून लॅपटॉपच्या आत काय काय आहे ते पाहायला लागलो.

लेकीचे कॉलेजचे कागद होते, ते तिला नको होते. आणि बायकोचा एक फोल्डर होता. त्यात चाळीस-पन्नास फाइली. एक उघडली. इंग्रजी अक्षरं, मध्येच कंस, टक्क्याचं चिन्ह, अर्धविराम. शब्द म्हणून एकही नाही. दुसरी उघडली, तेच. तिसरी तेच. प्रत्येक फाइल व्ही, के, टी या तीन अक्षरांनी सुरू होत होती.

मी एकटाच मोठ्यानं हसलो. दोन वर्षं बाई नुसत्या किल्ल्या बडवत होती! मनात म्हणालो, घरात क्लास असून हिला शेवटपर्यंत काही आलं नाही.

कॉपी केली नाही. संपूर्ण डिस्क पुसायची का, असं सिस्टिमनं विचारलं. हो म्हटलं. खात्री आहे का, असं पुन्हा विचारलं. पुन्हा हो म्हटलं.

आठवड्यानं लेकीचा फोन आला. "बाबा, आई म्हनायची, कॉम्प्युटरात हाये, मंग वाचजो. काय हाये त्यात?"

"काही नाही वं. नुसतं काहीबाही बडवलं होतं."

मग तिनं माझ्या जेवणाचं विचारलं.

पेन ड्राइव्ह परत करायला मला उशीरच झाला, संक्रांत होऊन गेली होती. दुकानात एका वकिलाचा कारकून जुनं खरेदीखत दुरुस्त करायला घेऊन आला होता. फाइल उघडली आणि पडद्यावर तसाच गोंधळ दिसला. कंस, टक्के, अर्धविराम.

"खराब झाली का वो म्याडम?" कारकून म्हणाला.

"कायची खराब? जुना फॉन्ट हाये, तो नसला का मराठी असंच दिसते." तिनं यादीतून एक नाव निवडलं आणि सगळा गोंधळ एका क्षणात मराठी झाला. मग ती माझ्याकडे वळली, "आपल्या क्लासमधी हाच होता ना सर?"

हाच होता. त्या लॅपटॉपमध्येही मीच टाकला होता. नव्या सिस्टिममध्ये तो नव्हता, एवढंच.

मी तिथल्या काचेच्या काउंटरवर बोटं टेकवली. व्ही म्हणजे डाव्या हाताची तर्जनी, अ. के म्हणजे उजवीकडचं मधलं बोट, काना. टी, पुन्हा डावी तर्जनी, ज. आज.

प्रत्येक फाइल 'आज'नं सुरू होत होती. पुढचं मला आठवत नाही. आयुष्यभर मी त्याच किल्ल्या शिकवल्या. मी नुसती बोटं टेकवली असती, तरी ते सगळं मला वाचता आलं असतं.

लॅपटॉप पुन्हा दुकानात नेला. विद्यार्थिनीनं दोन दिवस खटपट केली. तोवर त्याच डिस्कवर मी ढीगभर भजनं आणि व्हिडिओ उतरवून ठेवले होते. "त्याच्यावरच नवं लिहिल्या गेलं सर. काहीच निघून नाही राह्यलं." कॉपी केली होती का, हे तिनं विचारलं नाही.

वर्षश्राद्धाला लेक आली. पानं उठल्यावर नणंद-भावजयांत आईच्या गोष्टी निघाल्या. कोणीतरी लॅपटॉपचं काढलं. लेक हसत म्हणाली, "जाऊ द्या. माह्या आईले कुठं टाइप करता येत होतं? मले खुश करायले म्हनत होती बिचारी." आणि माझ्याकडे पाहून, "हो ना बाबा?"

तोपर्यंत मला सगळं माहीत होतं. मी "हाव" म्हणालो.

पोरी, तिला येत होतं. कोणी न शिकवता, स्वयंपाकघरातून ऐकून आणि पाहून ती शिकली होती. तिनं तुझ्यासाठी चाळीस-पन्नास दिवसांचं लिहून ठेवलं होतं. ते मी न वाचता पुसलं, आणि त्यातला एकच शब्द मी तुला देऊ शकतो.