मुरलेला धूर

अंबाडीची भाजी मंद आचेवर शिजते आहे. पातेल्यावरच्या ताटलीत बायकोनं पाणी ठेवलंय, म्हणजे पाला खाली लागत नाही. त्या पाल्यात सुक्या मटणाची शेवटची पट्टी आहे. सासूबाई चुलीच्या वर तार बांधून अशा पट्ट्या धुरात वाळवायच्या आणि लेकीला डबा भरून द्यायच्या. यंदा सासूबाई गेल्या आणि मेहुण्यानं चूल काढून टाकली. ही एक पट्टी बायकोनं तेव्हापासून जपली होती. आज सकाळी मात्र म्हणाली, "ठेवून ठेवून कीड लागेल. आईला ते नसतं खपलं."

आता वाफेबरोबर तो धूर घरभर सुटलाय. धूर म्हणजे बघता बघता विरून जाणारा, असं आपण धरून चालतो. पण रोजच्या भाकऱ्या भाजताना निघालेला हा धूर मटणात मुरून राहिला. तापल्या पाल्यानं त्याला आता हळूहळू मोकळं केलंय.

सवयीनं माझा हात एक्झॉस्ट फॅनच्या बटणाकडे गेला.

पातेल्यावरची नजर न काढता ती म्हणाली, "अहो, नका लावू. आईला राहू द्या थोडा वेळ."

मी खिडकीही लावून घेतली.