ऐरोलीत आलेली सातेरी

चंद्राबाईंना लेकानं, नंदकुमारनं, कुडाळकडच्या गावाहून ऐरोलीला आणलं. आणलं म्हणजे काय, उचलूनच आणलं. तळमजल्याचा फ्लॅट, मागची खोली, एक खाट. शेजारणींना मालवणी कळेना, मुलगा सतत फोनवर, आणि सून क्षिप्रा बोलायची ती कामापुरती: "आई, नळ बंद केलात का?" अहो, बोलायला माणूस नाही म्हणून म्हातारी पंख्याशी बोलायला लागली होती!

एका सकाळी खाटेमागच्या भिंतीवर त्यांना मातीची ओलसर रेघ दिसली, पेन्सिलीएवढी जाड. फरशीच्या फटीतून निघून दाराच्या चौकटीकडे गेलेली. चौकटीवर बोट वाजवलं तर पोकळ आवाज. खिडकीत किड्यांच्या झडलेल्या पंखांचा खच. आणि खाटेखालच्या कोपऱ्यात मातीचा मुठीएवढा उंचवटा. दुसऱ्या कुणीही कपाळाला हात लावला असता. चंद्राबाईंनी हात जोडले. त्यांच्या गावच्या देवळात मूर्ती नाहीच. गाभाऱ्यात आहे ते वारूळ, तीच सातेरी देवी, तिलाच लुगडं नेसवतात. घरात वारूळ उठलं तर ते फोडायची कुणाची टाप आहे तिकडे?

"माका शोधीत इली गो बाय," म्हणाल्या आणि ढसाढसा रडल्या.

मग काय विचारता! रोज हळदकुंकू, वॉचमनची बोलणी खाऊन सोसायटीच्या बागेतली जास्वंद, वर चोळीच्या खणाचा आडोसा. देवीशी तासन्‌तास गप्पा. गावच्या, नवऱ्याच्या, सुनेच्याही. म्हातारी चक्क दोन घास जास्त जेवू लागली.

पण तीच चिन्हं क्षिप्रालाही दिसत होती. दार अडकायला लागलं, भिंतीचा रंग फुगला. तिनं खाट ओढली आणि किंचाळली, "शी! वाळवी आहे ही! पुजताय काय? घर खाऊन टाकेल!"

चंद्राबाई दोन्ही हात पसरून आडव्या आल्या. "आदी माका मारा."

नंदकुमारनं समजावलं, ओरडून पाहिलं. म्हातारी हलेना. मग नवराबायकोनं आत जाऊन काहीतरी ठरवलं आणि ठरवताना क्षिप्राला हसू आवरेना.

दुसऱ्या दिवशी नंदकुमारनं तुर्भ्याहून वाळवीचं औषध आणलं, तांब्यात कालवलं, वर कापूर चुरला. "आई, तुझंच खरं. गुरुजींना विचारलं मी. हे तीर्थ रोज तूच घाल. पण प्यायचं नाही हां, ते फक्त देवीचं." लेकानं आपलं ऐकलं! चंद्राबाईंनी त्याच्या तोंडावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली.

रोज आंघोळ करून, ओल्या केसांनी, स्वतःच्या हातानं त्या ते तीर्थ वारुळावर घालत राहिल्या. वासानं डोळ्यांना पाणी यायचं. त्यांना वाटायचं, देवी जवळ आली. आणि वारूळ सुकत गेलं. माती भुसभुशीत झाली, बोट लावताच ढासळली. चंद्राबाईंनी रात्रीचं जेवण सोडलं. "माझा काय चुकला रे?" मुलाला विचारत, सुनेला विचारत. दोघंही ताटात बघत. एवढी तरी चाड होती म्हणायची.

रविवारी क्षिप्राचा भाऊ आशुतोष जेवायला आला. गप्पा रंगात आल्या आणि क्षिप्राला राहवेना. "अरे, पेस्ट कंट्रोलवाला बोलवावाच लागला नाही. आमच्या आईंनीच तीर्थ म्हणून विष पाजलं देवीला! रोज! भक्तिभावानं!" आशुतोषला हसता हसता ठसका लागला. नंदकुमारही हसला.

चंद्राबाई सोलकढीचं पातेलं घेऊन दारात उभ्या होत्या.

"मिया मारलंय तिका?"

"आई, गंमत गं," नंदकुमार म्हणाला. "किडेच होते ते."

त्यांनी पातेलं टेबलावर नीट ठेवलं आणि खोलीत गेल्या. सकाळी देवापुढे दिवा लागला नाही. नाश्त्याची बशी तशीच, दुपारचं ताट तसंच. दोन्ही हात पदराखाली घट्ट धरलेले, म्हणे ह्या हातांनी आता काही करायचं नाही, जेवायचंसुद्धा नाही. "भरवायचं का आता तुम्हाला?" क्षिप्रा करवादली.

शेवटी नंदकुमारच ताट घेऊन खाटेवर बसला. लाज वाटली असेल, कुणास ठाऊक. त्यानं डाळभात कालवला, घास आईच्या तोंडापाशी नेला. चंद्राबाईंनी आधी घासाकडे पाहिलं, मग लेकाकडे.

"ह्येच्यात काय घातलंस रे?" त्यांनी विचारलं.