डोंगळ्यात आलेल्या परक्या माश्या

अंबडच्या एका कारखान्यात मी अकरा वर्षं सुट्या भागांची मापं तपासत होते. आमचा विभाग बंद झाला आणि ऐन हिवाळ्यात मी घरी बसले. गंगापूर रोडच्या फ्लॅटमध्ये दिवस सरता सरेना. अशात लासलगावजवळच्या शेतावरून माझ्या मोठ्या जाऊबाईंचा फोन आला. "ये इकडं काही दिवस. डोंगळे फुलायला लागलेत, मला सोबत होईल." मी त्यांना अक्का म्हणते. थोरले दीर वारल्यापासून सगळी शेती त्याच बघतात.

डोंगळे म्हणजे बियाण्यासाठी राखलेला कांदा. कांदा पुन्हा मातीत लावला की त्याला उंच दांडे फुटतात आणि शेंड्यावर पांढऱ्या फुलांचे गोल गोंडे येतात. आदल्या वर्षी गोंडे टपोरे होते, पण हातावर चोळले तर अर्धं बी पोकळ. फुंकर मारली की उडून जायचं. गावात कुणी खताला दोष दिला, कुणी धुक्याला. अक्का मात्र एका सकाळी वाफ्यात जाऊन तासभर नुसत्या उभ्या राहिल्या होत्या. तेवढ्या वेळात त्यांना मोजून चार मधमाश्या दिसल्या; माशी फुलाफुलांवर फिरली नाही तर बी भरणार कसं?

"बांधावरच्या बोरी-बाभळी आपणच तोडल्या, औषधं आपणच मारली," त्या मला सांगत होत्या. "माशी राहील कुठं अन् खाईल काय?"

म्हणून या वर्षी त्यांनी मधमाश्यांच्या पेट्या बोलावल्या होत्या. मी गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी, उजाडायच्या आत, एक पिकअप शेतात आली. पेठकडच्या डोंगरातला एक म्हातारा त्यातून उतरला. अंगानं काटकुळा, डोक्याला मफलर. तरुणपणी तो कड्यांवर दोर टाकून आग्या मोहोळाचा मध काढायचा. गुडघे गेले तसा तो पेट्यांकडे वळला. फुलं असेपर्यंत तो शेतावरच मुक्कामाला होता; आम्ही दोघी त्याला बाबा म्हणू लागलो.

त्यानं दहा पेट्या लिंबाच्या सावलीत, तोंडं उगवतीकडे करून मांडल्या. शेजारी पसरट घमेल्यात पाणी ठेवलं आणि माश्या बुडू नयेत म्हणून त्यात दगडगोटे टाकले. मग एका पेटीचं झाकण काढून मला जवळ बोलावलं. माश्या पिवळसर, आपल्याकडच्यांपेक्षा अंगानं मोठ्या होत्या. मी जपून श्वास घेत होते.

"ही आपल्याकडची नाय," बाबा म्हणाला. "लय लांबची, साहेबाच्या देशातली. आधी पंजाबात आणली, तिथून इकडं आली. आपली सातेरी बारकी, काळी. तिला जरा दुखवलं की घर सोडून जाती. ही राहती. पण पावसाळ्यात फूल नसलं की हिला साखरेचं पाणी पाजावं लागतं, नायतर मरती. इथलं ऋतुमान हिच्या रक्तात नाय ना."

पहिले दोन दिवस माश्या आमच्या गोंड्यांकडे फिरकल्याच नाहीत. उडायच्या आणि थेट शेजारच्या शेवग्यावर जायच्या. मी निराश झाले. बाबा हसला. "कांद्याचा रस हिला पहिल्यांदा रुचत नाय. अजून फुलू द्या. समोर एवढं पांढरं रान दिसल्यावर ती किती दिवस नको म्हणंल?"

चौथ्या दिवशी ऊन चढल्यावर मी वाफ्यात गेले आणि थबकले. सगळं रान गुणगुणत होतं. एकेका गोंड्यावर तीन-तीन, चार-चार माश्या होत्या. कारखान्यात मी यंत्रांची शिस्त पाहिली होती, पण इथे कुणी भोंगा वाजवत नव्हतं आणि तरी कुणी रिकामं नव्हतं. अक्का माझ्याजवळ येऊन उभ्या राहिल्या.

त्याच आठवड्यात ते घडलं. सकाळी पेट्यांपाशी गेले तर दारांसमोर मेलेल्या माश्यांचा थर पडला होता. काही अजून पाय हलवत गोल गोल फिरत होत्या. आमच्या बांधापलीकडे चुलत दिरांचा कांदा आहे. त्यांनी आदल्या दिवशी भर सकाळी, माश्या बाहेर असताना, औषध मारलं होतं. बाबा उकिडवा बसून एक-एक माशी हातावर घेऊन पाहत होता. मला ते पाहवेना.

अक्का तडक दिरांच्या वस्तीवर गेल्या. मीही मागोमाग गेले. दीर ऐकायच्या मनःस्थितीत नव्हते.

"वहिनी, तुमच्या माश्यांपायी मी कांद्यावरची कीड पोसू का? मला सकाळीच वेळ असतो. संध्याकाळी मी दुधाच्या मागं असतो."

"माशी दिवस मावळला की घरात जाती," अक्का म्हणाल्या. "त्यानंतर मारा."

"मारणार कोण?"

"मी मारीन. औषध तुमचं, पंप माझा."

दिरांना वाटलं असावं, या बोलून मोकळ्या होतील. पण त्यानंतर दोनदा दिरांच्या कांद्याला फवारा लागला, आणि दोन्ही वेळा अक्कांनी दिवस मावळल्यावर पाठीवर पंप घेतला. पंचावन्न वर्षांची बाई, तोंडाला फडकं बांधून, दुसऱ्याच्या सऱ्यांमधून चालत होती. मी बॅटरी धरायचे. तिसऱ्या वेळेला दीर स्वतःच बांधावर आले, अक्कांच्या पाठीवरचा पंप उतरवून घेतला आणि म्हणाले, "द्या. तुम्हाला राबवतो म्हणून घरात बोलणी खातोय मी." पुढचे फवारे त्यांनीच मारले, तेही संध्याकाळीच.

तोवर पेट्या सावरल्या होत्या. बाबानं मला पेटीतल्या पोळ्याच्या चौकटीवरची नवी पिल्लं दाखवली. आतल्या माश्यांनी मेलेल्या ओढून बाहेर टाकल्या होत्या आणि राणीनं अंडी घालणं थांबवलं नव्हतं. एवढ्या परक्या मुलखात, एवढं नुकसान सोसून, त्या पुन्हा कामाला लागल्या होत्या. मला माझ्या घरी बसण्याची थोडी लाज वाटली आणि थोडा धीरही आला.

आधी फुललेले गोंडे वाळू लागले तसं त्यांत बी भरलेलं दिसलं. काळं, जड, टोकदार. हातावर चोळून फुंकर मारली, तर फारसं उडालंच नाही. दिरांच्या परसातल्या दुधीलाही एरवीपेक्षा जास्त फळं धरली. ते त्यांनी आपणहून येऊन सांगितलं.

अक्कांना हुरूप आला. "बाबा, पुढच्या वर्षी वीस पेट्या आणा," त्या म्हणाल्या.

बाबानं नकारार्थी मान हलवली. "दहाच आणीन, ताई. तुमच्या विहिरीच्या कपारीत सातेरीचं एक पोळं हाय. मी रोज बघतो, ती थंडीत, हिच्या आधी कामाला निघती. वीस पेट्या आल्या तर तिच्या वाट्याला काय राहील? ही तर माझ्या गाडीत बसून दुसरीकडं जाईल. ती कुठं जाईल?"

ज्याचं पोट या पेट्यांवर होतं तो माणूस हे बोलत होता. अक्कांनी वाद घातला नाही. विहिरीची ती कपार बुजवायचं त्यांनी ठरवलं होतं, तो बेतही रद्द केला.

फुलं सरली तसा बाबा निघाला. पेठकडे जांभळं फुलायला आली होती. संध्याकाळी माश्या आत आल्यावर त्यानं नऊ पेट्यांची दारं जाळीनं बंद केली आणि त्या गाडीत चढवल्या. दहावी तिथेच, दार उघडं ठेवून, राहू दिली.

"ही राहिली की," मी म्हणाले.

"काही माश्या आज बाहेरच अडकल्या असतील. सकाळी येतील अन् घर दिसलं नाय तर इथंच घिरट्या घालून मरतील. या पेटीत शिरतील. बाकीच्या घेतात त्यांना, पोटात रस असला की हटकत नाहीत."

दुसऱ्या दिवशी तसंच झालं. लिंबाखाली पन्नासेक माश्या गोंधळून फिरत होत्या. दुपारपर्यंत त्या एक-एक करून आत गेल्या. दोन दिवसांनी बाबा मोटारसायकलवरून एवढ्या लांबून परत आला. चहा घेतला, दिवस मावळायची वाट पाहिली, पेटीचं दार जाळीनं बंद केलं, मागच्या सीटवर जुनी गोधडी अंथरून त्यावर ती पेटी बांधली आणि खड्डे चुकवत हळूहळू निघून गेला.