विसावा हिस्सा

आमचे हे चाकणला एका कंपनीत क्वालिटीला आहेत, त्यामुळे सट्टासुद्धा नियमाने लावतात. क्रिकेटच्या सीझनला त्यांनी ओव्हरटाइमचे पैसे एका डब्यात ठेवले आणि जाहीर केलं, की एका मॅचवर डब्यातल्या पैशांचा विसावा हिस्साच लावायचा. हरलो की डब्यातले पैसे कमी होतात, म्हणजे पुढच्या मॅचला आपोआप कमी लागतात. माणूस बुडत नाही.

माझ्या भावाला हे बायकी वाटलं. त्याने पहिल्याच मॅचवर सगळा बोनस लावला आणि घालवला. दोन दिवस धड जेवला नाही. मग सट्टा सोडला आणि संध्याकाळी पोरीला बागेत न्यायला लागला.

हे मात्र शिस्तीत हरत राहिले. प्रत्येक मॅचनंतर डबा उघडून भावाला दाखवायचे, "बघा मेव्हणे, अजून शिल्लक आहे."

शेवटी माझं डोकं फिरलं. म्हटलं, "कंपनीत दोन पार्ट खराब निघाले तर लाइन थांबवता ना? मग हे कधी थांबवणार?"

"पैसे संपले की," हे म्हणाले.

ते संपू नयेत म्हणूनच तर नियम केला होता.