दूर जाणारे कंदील

दसरा उलटला की तिसगावातून ऊसतोडीला बैलगाड्या निघत आणि लोहकरे सर रस्त्याकडेच्या बांधावर जाऊन उभे राहत. लोक निरोप द्यायला येत. हा गृहस्थ गाड्यांखाली टांगलेले कंदील बघायला यायचा. गावच्या हायस्कुलात ते विज्ञान शिकवायचे, मी इतिहास. माझ्या मते माणूस हुशार, पण जरा चक्रम.

मुकादम सगळ्यांना एकाच मापाचे कंदील द्यायचा. त्यामुळे कुठला किती मिणमिणतो यावरून गाडी किती लांब गेली, हे सर मुलांकडून वदवून घेत. "दिवा बारीक दिसला म्हणून त्याला दरिद्री म्हणू नका," ते म्हणत, "आधी तो किती लांब आहे ते विचारा." मग स्वारी थेट आकाशात. काही तारे मरताना फुटतात. त्यांतले एका जातीचे जवळपास सारखेच उजळतात. दूरच्या दीर्घिकेत, म्हणजे ताऱ्यांच्या अफाट थव्यात, तसा तारा फुटला, की तिचं अंतर काढता येईल. दीर्घिका तर एकमेकींपासून पळताहेत. त्या थांबतील का, हे विश्वात माल किती भरलाय यावर ठरणार. "भरपूर असेल तर तो मागं ओढील, वेग मंदावेल. मोजायचं तेवढं बाकी आहे!" मी चिडवायचो, "आधी गावच्या विहिरीतलं पाणी मोजा." ते नुसते हसायचे.

त्या दुष्काळी वर्षी मात्र त्यांचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. त्यांची विद्यार्थिनी शेवंता अकरावीला, म्हणजे मॅट्रिकला, वर्गात पहिली. आणि तिचा बाप किसन तिला तोडीला नेत होता. परीक्षा बुडाली की पुढं लग्नच, हे सगळ्यांना ठाऊक होतं. सर त्याच्या दारी गेले. "किसनराव, परीक्षेपर्यंत पोर आमच्याकडं राहील. आमच्या हिलाही सोबत होईल."

मुकादम आणि सगळी टोळी ऐकत उभी होती. किसन म्हणाला, "मग मोळ्या कोन बांदील, सर? बोली झालीया. न्हाई जमायचं."

दिवस मावळताना गाड्या हलल्या. किसनची सगळ्यांत मागे. बघता बघता तिचा कंदील ठिपक्याएवढा झाला. "ओढ्यापल्याड गेली," सर म्हणाले. "आता गाठणं होत नाही."

त्यांनी चष्मा काढून धोतराला पुसला आणि एकदम ओरडले, "अहो, ही धूळ आहे! उजेड धुळीनं खाल्लाय. गाडी जवळच असणार!" मधे धूळ असली की ताऱ्यांचंही अंतर फसतं, हे वर्गात त्यांनीच शिकवलेलं. माझी सायकल घेऊन ते सुटलेच.

परतले ते सायकल हातात धरून. कॅरियरवर गाठोडं, शेजारी शेवंता.

"काय सांगून वळवलंत त्याला?" मी विचारलं.

"मी कुठलं सांगतोय! मला धापच लागली होती." सर म्हणाले. "तोच म्हणाला, 'चौघांत न्हाई म्हनून बसलो, सर. तवापासनं बैलं हळूच हाकीत हुतो, तुमी याल म्हनून.'"