पाळकबाबांची जागा

आमच्या चर्चच्या पाळकबाबांसमोर कुणी ‘बॉडी’ म्हटलं की त्यांचा आवाज चढायचा. त्या वर्षांत आमच्या तालुक्याच्या दवाखान्यात कपाशीवर फवारायचं औषध प्यालेली माणसं सारखी येत. शिपाई विचारायचा, “बॉडी कोणाची हाय?” बाबा त्याच्या अंगावर जायचे. “बॉडी नाही बाप्पा, सुदाम हाय तो. नाव घे.” शिपायाने नाव घेतल्याशिवाय ते जागचे हलत नसत.

सरकारी यादीत मेलेल्यांचे दोन रकाने होते, मदतीला पात्र आणि अपात्र. त्यावरून बाबांनी तहसील डोक्यावर घेतली. “देवानं आपल्या प्रतिरूपात केलेला माणूस अपात्र? काहून?” कारकून म्हणाला, “बाबा, फॉर्मच तसा हाय.” “मंग फॉर्मले अपात्र लिहा!”

मला गंमत वाटायची. ओरडा दुसऱ्यांना होता ना! मी चर्चच्या मंडळीची चिटणीस. याद्या, नकाशे, रकाने हे माझं काम, आणि ते मी चोख करते. कबरस्थानाचा नकाशाही माझाच. कोणत्या घराला कोणती रांग, पाळकांसाठी चर्चच्या भिंतीलगत राखीव जागा, सगळं त्यात होतं. कुंपणाबाहेर बाभळीखाली एक पट्टी होती. मंडळीच्या पंचांच्या ठरावाप्रमाणे ती जीव देणाऱ्यांसाठी. तिथे मी पेन्सिलीने चार चौकोन आखून ठेवले होते.

मग शांतवन गेला. कापसातून रुई आणि सरकी वेगळी करणाऱ्या जिनिंगमध्ये कामाला होता, रविवारी चर्चची घंटा वाजवायचा. जिनिंग बंद पडली, दोन हंगाम तो घरी बसला आणि तेच औषध प्याला. त्याची बायको मार्था माझ्या दारात उभी राहिली. “बाई, त्याले आतच ठेवा. मले कुंपणाबाहेर रडाले नका लावू.”

पंच बसले. थोरले पंच म्हणाले, “आत्मा तं गेला, बाबा. रुई निघाली. आता सरकी कुठंही टाका, तिले काय समजते?”

बाबा उठलेच. “माणूस काय जिनिंगमधून काढला? रुई इकडं, सरकी तिकडं? देवानं माती हातात घेतली, तिच्यात श्वास फुंकला, तवा माणूस झाला. दोन्ही मिळून माणूस. शरीराचं पुनरुत्थान मानतो म्हणून दर रविवारी म्हणता, ते कायले? अन् पेरता काय तुमी, रुई का सरकी?”

ठराव मात्र तसाच राहिला.

बाबांनी माझा नकाशा ओढून घेतला. “हे चार चौकोन कोणाचे, बाई?”

“पुढं लागले तर.”

“कोण मरन ते मालूम नाही, पण त्याले बाहेर काढून मोकळ्या झाल्या तुमी?”

“मी फक्त लिहिते, बाबा.”

“मंग लिहा. राखीव जागा, शांतवन.”

राखीव जागा पाळकाची. तिच्यावर पंचांचा अधिकार नव्हता. माझाच नियम. मी लिहिलं. शांतवनला आत पुरलं. खड्ड्यात पहिली माती बाबांनी टाकली, दुसरी मार्थाने. पंच फाटकाबाहेर उभे होते.

वर्षाच्या आत त्यांनी बाबांची बदली महागावकडे करवली. निरोपाला हार घातला. आभाराचा ठराव मीच लिहिला, सुवाच्य अक्षरात. त्या अक्षराचा मला अजून संताप येतो.

काही वर्षांनी बाबा वारले. चिठ्ठी ठेवली होती, आपल्या जुन्या कबरस्थानात आणून बाभळीखाली पुरा म्हणून. थोरले पंच धावत आले. “बाई, पाळकाले बाहेर? लोक काय म्हणतीन? आत एखादी जागा काढा.”

मी वही उघडली. “तुमचा ठराव अजून चालू आहे. आत-बाहेर त्यानेच केलंय, म्हणून बाबांनी आपली आतली जागा शांतवनला दिली. आधी तो रद्द करा, मग जागा काढते.”

“एका माणसासाठी ठराव रद्द कराचा?”

“हो. एका माणसासाठी.”

त्यांनी सही केली नाही. बाबा बाभळीखाली गेले. मी पहिला चौकोन पेनाने गिरवला आणि त्यात त्यांचं पूर्ण नाव लिहिलं. दुसऱ्या चौकोनात माझं लिहिलं आहे, तेही पेनानेच.