पत्र्याखालची लोकर

भर उन्हाळ्यात घराला घोंगडं पांघरणारा माणूस म्हणून आमचे आबा हसनाबादच्या आसपास ओळखले जात. वडिलांची अशी ओळख शाळेत फारशी सोयीची नसते.

प्रकार असा होता. आमची मेंढरं होती आणि घरावर पत्रे होते. पत्र्यांखाली फळ्यांचा माळा. मेंढरं कातरली की चांगली लोकर व्यापारी नेई आणि पोटाखालची आखूड, कुसळं अडकलेली मागे टाकून जाई. आबा ती धुऊन, वाळवून, काठीनं झोडून मऊ करत आणि माळ्यावर वीतभर जाड अंथरत. लोक म्हणत, याच्याच डोक्यात ऊन शिरलंय. आबांचं उत्तर ठरलेलं, "मेंढरामागं हिंडणारा उन्हात डोक्यावर घोंगडं घेतो, तो काय येडा हाय?" दुपार झाली की हसणारेच आमच्या मधल्या खोलीत पत्ते कुटायला येऊन बसत.

या थंडाव्याचा पुरावा म्हणजे कोनाड्यातली मेणबत्ती. वीज गेली तर असावी म्हणून उभी करून ठेवलेली. वैशाखात शेजारपाजारच्या मेणबत्त्या माना टाकत, आमची ताठ. आबा पाहुण्याला पाणी नंतर विचारत, मेणबत्ती आधी दाखवत.

पण लोकरीला दरवर्षी नवी भर लागते. मी लग्न होऊन जालन्याला आले, आबांचे गुडघे गेले, मेंढरं विकली आणि भर थांबली. उरलेल्या लोकरीला कसर लागली. उंदरांनी तिच्यात बाळंतपणं उरकली. चिमण्यांनी चोचीचोचीनं घरट्यांना नेली. खिळ्यांच्या भोकांतून पाणी झिरपून जागोजाग गोळे झाले. घर इतकं हळूहळू तापत गेलं की कुणाला कळलं नाही. किंवा कळलं असेल, आबांना सांगायची छाती कुणाची झाली नाही.

यंदा मायला ऊन लागलं. अंगणात चक्कर येऊन पडली. डॉक्टरांनी बजावलं, दुपारी थंड जागेत पडून राहायचं, पुन्हा असं झालं तर जड जाईल. मी धावत माहेरी गेले, तर मधली खोली तव्यासारखी तापलेली आणि माय ओला पदर तोंडावर घेऊन पडलेली.

"आबा, माळा नीट करा, न्हाई तर मायला मी घेऊन जाते," मी म्हणाले.

"खोली थंडच हाय. मेणबत्ती बघ."

बघितली. खरंच ताठ होती. मी घामानं निथळत होते आणि तरी मेणबत्तीपुढे माझं काही चालेना.

दुसऱ्या दिवशी दुपारी पाणी प्यायला उठले, तर आबा कोनाड्यापाशी उभे. वाकलेली मेणबत्ती दोन्ही हातांत धरून हलक्या हातानं सरळ करत होते.

"काय करून राह्यले, आबा?"

"धूळ पुसून राह्यलो."

मेणावर वरपासून खालपर्यंत त्यांच्या अंगठ्याचे ठसे होते.

राग माझ्या नाकावरच असतो. शिडी लावली आणि माळ्यावर चढले. उरलेल्या लोकरीचाही पापड झालेला, कारण तिच्यावर सामान रचलेलं. लोकर फुगलेली असली तरच ऊन अडवते, दबली की तिचा काही उपयोग नाही, हे मला लहानपणी आबांनीच शिकवलेलं. सामान कुणाचं म्हणून बघितलं. माझ्या वह्या-पुस्तकांची लोखंडी पेटी, माझी शिलाई मशीन, माझी चाक वाकडं झालेली सायकल. सगळंच माझं.

"लोकर दबती हे ठाव न्हवतं का तुमाला?" मी वरूनच ओरडले.

"ठाव होतं."

"मंग उतरवलं का न्हाई?"

"उतरवून ठिवू कुठं? तुझं सामान उकिरड्यावर टाकू?"

खाली पडल्या पडल्या माय म्हणाली, "मीच म्हणलं, राहू द्या."

मला रडू आलं. पण त्या पत्र्याखाली रडणंही परवडत नाही. मी डोळे पुसले आणि पेटी ओढली.

सामान टेम्पोत घालून जालन्याला धाडलं. पत्र्याला आतून चंदेरी शीट ठोकून घेतली. आबांची एकच अट होती, माळ्यावर अंथरायची ती लोकरच. गावाबाहेर उतरलेल्या मेंढपाळांकडून चार पोती आणली. आबा ओट्यावर बसून झोडायचे आणि मी वर पसरायचे. "बराबर पसर, कोपरे सोडू नको," असं ते दिवसभर ऐकवत राहिले, आणि मला वाटतं, त्या उन्हाळ्यात तेवढे दोन दिवस ते अगदी खूश होते.

परवा फोन केला. विचारलं, "मेणबत्ती?"

"सरळ हाय."

"अंगठ्यानं?"

"न्हाई गं. हातबी लावला न्हाई."

मागून मायचा आवाज आला, पंखा कमी करा म्हणून. माझ्या जिवात जीव आला. मग आबा म्हणाले, "खोली थंड हाय. पण वर लई मोकळं वाटून राह्यलंय."

पुढच्या खेपेला माहेरी एखादी वस्तू विसरून यायचं मी ठरवलंय. हलकीच.